‘येतो’ म्हणून निघताना

(मंडळाच्या गणेशोत्सवात ‘भटकंती आणि आम्ही’ या विषयावर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. आज आम्ही ‘मी’ म्हणणार नाही, ‘आम्ही’ म्हणू. त्यात मोठेपणा काही नाही. एक तर आपल्या इंदूरच्या हिंदीत ‘अपन’ म्हणता म्हणता एकटा माणूससुद्धा बहुवचनात जातो, ती सवय मराठी बोलतानाही सुटत नाही. दुसरं म्हणजे, जे सांगायचं आहे ते एकट्याचं नाहीच. आम्ही सात-आठ जण गेली सोळा-सतरा वर्षं रविवारी इंदूरच्या आसपासचे डोंगर पायांनी फिरतो. कुणी बँकेत, कुणाचं स्टेशनरीचं दुकान, एक निवृत्त शिक्षक, आणि बोलणारे आम्ही सरकारी खात्यात उपयंत्री. पॉलिटेक्निकचा सिव्हिलचा डिप्लोमा, त्यावर ही नोकरी, आणि नोकरी पाण्याची. पावसाळ्यात नदीची पातळी मोजायची, पर्जन्यमापकातला पाऊस वहीत मांडायचा आणि वर कळवायचा. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याची लाज वाटायची जागा येणार आहे.

मंडळाने विषय दिला, ‘भटकंती’. साहस करणाऱ्या माणसाचं आयुष्याबद्दल काय म्हणणं असतं, ते सांगा म्हणाले. आम्ही हिमालयात झेंडा लावलेला नाही. आमचं साहस पोहे-जिलेबीनंतर सुरू होतं आणि रात्रीच्या वरणभाताआधी संपतं. पण विचार करताना वाटलं, आपण सगळेच मुळात साहसी माणसांची मुलं आहोत. आपले पणजोबा-खापरपणजोबा कुणी होळकरांबरोबर, कुणी शिंद्यांबरोबर, कुणी पवारांबरोबर, कुणी मागाहून नोकरीधंद्यासाठी नर्मदा ओलांडून इकडे आले. तेव्हा रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती. खंडवा-इंदूर रेल्वेसाठी तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं ते 1870 च्या सुमारास. त्याआधी येणारा प्रत्येक माणूस विंध्याचा घाट पायी, घोड्यावर नाहीतर बैलगाडीतून चढून आला.

आणि घरातून निघताना तो काय म्हणाला असेल? ‘जातो’ नक्कीच म्हणाला नसेल. आपल्याकडे तसं म्हणायची रीतच नाही. चुकून तोंडातून ‘जातो’ निघालं की आजी लगेच टोकायची, ‘जातो नाही रे, येतो म्हण.’ दहा पावलांवरच्या दुकानात जाणाराही ‘येतो’ म्हणतो आणि कन्याकुमारीला निघालेलाही ‘येतो’च म्हणतो. हा शब्द म्हणजे घराला दिलेलं वचन आहे, हे आम्हाला एका नाल्याने शिकवलं. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

त्याआधी आम्ही जातो तरी कशाला, ते सांगितलं पाहिजे.

इंदूर मालव्याच्या पठारावर आहे हे आपण शाळेत शिकलो. पण पठार म्हणजे काय ते पठार संपतं तिथे उभं राहिल्यावर कळतं. खंडव्याच्या रस्त्याने निघालं की सिमरोल मागे टाकून भेरूघाट लागतो आणि जमीन एकदम खाली निमाडात उतरते. महूपुढचा जानापाव डोंगर तसाच, साडेआठशे मीटरहून उंच. परशुरामाचं जन्मस्थान म्हणून त्याला मानतात. ज्या परशुरामाने समुद्र हटवून कोकण वसवलं म्हणतात, तो आमच्या महूच्या बाजूचा, हे कोकणातल्या पाहुण्यांना सांगताना आम्हाला भारी आनंद होतो. त्या डोंगरावर चंबळ उगम पावते. ती उत्तरेला जाते, यमुनेला मिळते, गंगेतून बंगालच्या उपसागराला पोचते. आणि त्याच डोंगररांगेच्या दक्षिण उतारावर पडलेलं पाणी चोरलसारख्या नद्यांतून नर्मदेला आणि पुढे अरबी समुद्राला जातं. धारेवर उभं राहून पाण्याची बाटली उपडी केली तर कुठल्या बाजूला कलते त्यावर तिचा समुद्र ठरतो. असली गंमत घरी बसून कळत नाही.

फाल्गुनात तिथे पळस फुलतो तेव्हा पान एक नसतं, नुसता केशरी रंग. चैत्रात पहाटे मोहाच्या झाडाखाली गेलं तर फुलं टपटप पडत असतात आणि आदिवासी बायका टोपल्या घेऊन ती वेचत असतात. पावसाळ्यात सागाच्या रुंद पानांवर सर आली की असा आवाज होतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. कालाकुंडच्या स्टेशनावर पळसाच्या पानात कलाकंद मिळायचा, तो खाण्यासाठी आमच्यातले दोघे मधुमेहीसुद्धा डोंगर चढून उतरायचे! आठवडाभर फाइली, कोटेशनं, फोन, घराचे हप्ते. रविवारी चार तास चाललं की डोकं धुतल्यासारखं होतं. आणखी एक पाहिलं. डोंगरावर हुद्दा चालत नाही. चढणीवर दम साहेबालाही लागतो आणि चपराश्यालाही. ज्याच्या डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, तो त्या दिवसाचा राजा.

आता ती गोष्ट.

दहा वर्षं झाली. जुलैचा महिना. मीटरगेजची गाडी तेव्हा धावत होती. सकाळी आम्ही सात मोठे आणि आमचा नऊ वर्षांचा मुलगा, असे कालाकुंडला उतरलो आणि चोरलच्या खोऱ्यात एका बाजूच्या नाल्याच्या काठाने आत गेलो. नाला एका ठिकाणी ओलांडावा लागला. पाणी घोट्याइतकं, स्वच्छ, तळाचे गोटे मोजता येतील असं. मुलाने त्यात मासे पाहिले. दुपारी आत एका मोठ्या खडकावर जेवण केलं. डोक्यावर ऊन होतं. वर महूच्या बाजूला आभाळ काळं झालं होतं, ते सगळ्यांनी पाहिलं. ‘तिकडे चांगला पडतोय’ असं कुणीतरी म्हणालंही. आणि विषय संपला.

परतताना त्याच जागी आलो तर पाणी गढूळ, तांबूस, त्यात काटक्या, पानं, फेस. गुडघ्याच्या वर. आवाज बदललेला. गाडीला पाऊण तास राहिला होता आणि स्टेशन दोन किलोमीटरवर. पलीकडे गुरं राखणारा एक म्हातारा बसला होता. त्याने ओरडून सांगितलं, ‘बैठो साहब. पानी मेहमान है, अभी चला जाएगा.’

आम्ही काय केलं? घड्याळ पाहिलं. ही गाडी चुकली तर पुढची रात्री. सोमवारी ऑफिस, मुलाची शाळा. आम्ही, म्हणजे या बोलणाऱ्या उपयंत्र्याने, छाती पुढे काढून सांगितलं, ‘एवढं पाणी काही नाही. हातात हात धरा, तिरके चला, मी पाण्यातलाच माणूस आहे.’ बघा, त्या एका वाक्यात मात्र ‘मी’ होता.

हातात हात धरले. आमच्या निवृत्त शिक्षक काकांच्या हातात मुलाचा हात होता. नाल्याच्या मधोमध काकांच्या पायाखालचा गोटा सरकला. पडताना त्यांनी एकच केलं. मुलाचा हात स्वतः धरून न ठेवता त्याला जोरात पुढे, आमच्या अंगावर ढकललं. आम्ही त्याला धरला, आणि वळून पाहिलं तर काका नव्हते.

पन्नासएक पावलं खाली काठावरच्या अर्जुनाच्या मुळ्या पाण्यात उतरल्या होत्या. त्यांत काका अडकले. खांद्याजवळचं हाड मोडलं, कपाळाला पुढे पाच टाके पडले. त्यांना बाहेर काढलं ते आम्ही दोघांनी आणि त्या म्हाताऱ्याने. काठी टाकून तो आमच्या आधी पोचला होता. काकांचे ओठ निळे पडले होते. मुलगा रडत नव्हता, नुसता थरथरत होता. तेच जास्त भीतिदायक होतं.

गाडी गेलीच. सगळ्यात बोचरी गोष्ट पुढे आहे. काकांचा हात पंचाने बांधून आम्ही त्या काठावर बसून होतो. दीड तासात नाला उतरला. परत घोट्याइतका. पाहुणा निघून गेला होता. म्हातारा आम्हाला एका शब्दाने काही बोलला नाही. बिडी पेटवली आणि गुरं हाकत निघून गेला.

रात्री काकांना इस्पितळात पोचवून त्यांच्या घरी गेलो. काकू रडतील, रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘जाताना ‘येतो’ म्हणाला होतात ना? मग घाई कसली होती?’

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

झालेली चूक आमची होती आणि ती अज्ञानातून झालेली नव्हती. म्हणून ती जास्त लागते. बसल्या जागी कुणी विचारलं असतं तर आम्ही फळ्यावर गणित मांडून दाखवलं असतं. एक चौरस किलोमीटरवर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर ते पाणी एक कोटी लिटर होतं. दहा चौरस किलोमीटरवर पाच सेंटिमीटर पडला तर पन्नास कोटी लिटर. सगळं नाल्यात येत नाही हे खरं, पण विंध्याच्या त्या कड्यांवर माती पातळ आणि खाली काळा पाषाण. पाणी मुरायला जागा कमी आणि उतार उभा. म्हणून वर पडलेला पाऊस थोड्या वेळात खाली येतो, आणि तुमच्या डोक्यावर तेव्हा ऊन असू शकतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, हेही आम्ही शिकलो होतो. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर चांगला धडधाकट माणूस उभा राहू शकत नाही. पाणी गढूळ होणं, काटक्या-पानं येणं, आवाज बदलणं, या तिन्ही खुणा आमच्या डोळ्यांसमोर होत्या. पुलाच्या खांबावर धोक्याच्या पातळीची लाल रेघ आम्ही नोकरीत आखून घेतो. सोमवार ते शनिवार लोकांना ती रेघ दाखवायची आणि रविवारी स्वतः ओलांडायची, असं ते झालं. सवयीने धीट झालेल्या माणसाला आपण साहसी समजतो, पण त्या दिवशी आमच्यात साहस नव्हतं. गाडी चुकण्याची भीती होती. पाण्याच्या भीतीपेक्षा ती मोठी झाली, एवढंच.

पुढचे सात-आठ महिने रविवार घरीच गेले. पुन्हा सुरुवात केली ती काकांनी. हात बरा झाल्यावर ते स्वतः आले आणि म्हणाले, ‘चालणं सोडायचं नाही. पण आता चालायला शिकायचं.’ त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. त्यांनीच आम्हाला नर्मदा परिक्रमेकडे पाहायला लावलं.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुणी ना कुणी परिक्रमा केली असेल. नर्मदा 1312 किलोमीटर लांब. ती उजव्या हाताला ठेवून चालायचं, ती कुठेही ओलांडायची नाही, समुद्राशी नावेने पलीकडे जायचं. पायी परिक्रमेची परंपरेने सांगितलेली मुदत तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. काका म्हणाले, ‘एवढी वर्षं का लागतात? रोज चाललं तर खूप आधी होईल.’ आम्ही म्हटलं, श्रद्धा. ते म्हणाले, ‘श्रद्धा आहेच. पण परिक्रमावासी चातुर्मासात एका जागी थांबतो. नर्मदा ओलांडायची नाही, पण तिला मिळणाऱ्या नद्या आणि नाले तर ओलांडावेच लागतात. पावसाळ्यात ते कसे असतात हे आता आपल्याला सांगायला नको. ज्यांनी नियम घातला त्यांना आपल्यापेक्षा पाणी कळत होतं.’ थांबणं हा प्रवासातला खंड नाही, तो प्रवासच आहे. नियमात तो मोजून धरलेला आहे.

जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड यांचं नाव आपण ऐकलं असेल. 1928 चा जन्म, शांतिनिकेतनात शिक्षण, जबलपूरला कलाशिक्षकाची नोकरी. त्यांनी नर्मदेकाठी चालायला सुरुवात केली ती 1977 साली, पन्नाशीला टेकताना. एका दमात नाही. सुट्ट्यांमध्ये, टप्प्याटप्प्याने, वर्षानुवर्षं. एक टप्पा झाला की घरी यायचं, चित्रं काढायची, लिहायचं, पुन्हा सवड झाली की निघायचं. आमच्यासारख्या नोकरदार माणसाला याचा केवढा आधार वाटतो! साहसासाठी घरदार सोडावं लागतं असं कुणी सांगितलं? हप्त्याहप्त्याने घर होतं तसा हप्त्याहप्त्याने प्रवासही होतो.

आणि आपल्या मराठीतले ते जुने प्रवासी, वरसईचे विष्णुभट गोडसे. कर्ज फेडण्यासाठी चार पैसे मिळवायला म्हणून 1857 साली उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये लढाया आहेत, लूट आहे, जिवावरचे प्रसंग आहेत. मिळवलेलं धन टिकलं नाही. पण आई-वडिलांसाठी गंगेची कावड घेऊन ते घरी पोचले. आम्हाला त्यांची सगळ्यात मोठी कमाई तीच वाटते. ‘येतो’ म्हणून गेले आणि आले.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी ठरवल्या. त्यांना तत्त्वज्ञान म्हणायचं तर म्हणा. परतीची वेळ घर सोडण्याआधी ठरते आणि शिखर दहा मिनिटांवर असलं तरी ती पाळतो. सगळ्यात मागे जो चालतो त्याच्या चालीने सगळे चालतात. एकाने ‘नको’ म्हटलं की ते सगळ्यांचं ‘नको’, मग तो नऊ वर्षांचा का असेना, आणि त्याला कारण विचारायचं नाही. गावातला माणूस ‘बसा’ म्हणाला की बसायचं. ज्या गाडीने परतायचं तिच्यानंतरचीही गाडी आधी पाहून ठेवायची, म्हणजे पहिली चुकली तरी जीव घाबरत नाही. आषाढी ते कार्तिकी नाले ओलांडायचे नाहीत, धारेवरूनच फिरायचं. आणि आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणायचा. 2017 पासून देशातल्या स्वच्छ शहरांत वरचा नंबर मिळवणाऱ्या गावचे लोक डोंगरावर वेफर्सची पाकिटं टाकतात, हे शोभत नाही.

कुणी म्हणेल, एवढे नियम लावल्यावर साहस कुठे राहिलं? आमचा अनुभव उलटा आहे. परत फिरायला जेवढी हिंमत लागते तेवढी पुढे जायला लागत नाही. पुढे जाताना सगळे टाळ्या वाजवतात. परत फिरणाऱ्याला खाली मान घालून यावं लागतं आणि सोमवारी लोक विचारतात, ‘पोचलात का मग?’

शेवटची एक गोष्ट सांगून थांबतो. तो नऊ वर्षांचा मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे, पुण्याला शिकतो. मागच्या जुलैत त्याचा फोन आला, मित्रांबरोबर राजगडावर जायचं म्हणत होता. त्याच्या आईने फोन आमच्या हातात दिला आणि खुणेने सांगितलं, नाही म्हणा. आम्ही बराच वेळ गप्प होतो. तो नाला डोळ्यांसमोर होता. पण ज्या वाटेने आपण त्याला बोट धरून नेलं, ती बंद कशी करणार? आम्ही एवढंच म्हटलं, ‘जा. पण ‘नको’ म्हणायला लाजू नकोस.’ तो म्हणाला, ‘बरं बाबा. येतो.’

त्या रविवारी आमचं घरात कशातच लक्ष नव्हतं. दुपारी त्याचा फोटो आला. त्यात गड नव्हता, बुरूज नव्हता. नुसतं धुकं आणि त्यात बुडालेली एक ओली पायवाट. खाली लिहिलं होतं, ‘पाऊस वाढला, दोघांना नको वाटलं, अर्ध्यातून परत फिरलो. गड कुठे जात नाही.’ लोक मुलांचे मार्कशीट फ्रेम करतात. आम्ही तो धुक्याचा फोटो फ्रेम करून बैठकीत लावला आहे. या कधी घरी, दाखवू.

काका आज पहिल्या रांगेत बसले आहेत. एकाहत्तर वर्षांचे आहेत. काकूही शेजारी आहेत. त्यांच्यासमोर हे सगळं बोलायचं धाडस झालं, तेही आम्ही साहसात धरतो.

कार्तिकी एकादशीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही जानापावला जाणार आहोत. ज्यांना यायचं आहे त्यांनी मंडळात नाव द्यावं. डबा आपापला आणावा, चटणी जास्त आणावी. परतीची वेळ दुपारी तीन, ती बदलणार नाही. आणि निघताना घरात तोंडभरून सांगून या, ‘येतो.’

 गणपती बाप्पा मोरया!